धाकटीच्या पुस्तकाचा नंबर

थोरलीने वाचनालयातली नोकरी धरली ती काही पुस्तकांच्या ओढीने नव्हे. घरापासून चालत जाता येत होतं, एवढंच. बाबा गेल्यापासून दिवस तिच्या अंगावर यायला लागला होता. इतकी वर्षं त्यांचं पथ्य, त्यांची औषधं, त्यांची आंघोळ, त्यांची चिडचिड यात सकाळची दुपार कधी व्हायची ते तिला कळायचं नाही. आता घर आवरून झालं तरी ऊन खिडकीच्या गजातच असायचं. नवरा इलेक्ट्रिशियन. शिडी खांद्यावर टाकून एकदा बाहेर पडला की दिवेलागणीलाच उगवायचा. वाचनालयात नवे दिवे बसवायला गेला असताना त्यानेच ऐकलं की तिथे मदतनीस हवी आहे.

"शिक्के मारायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. तुला चिकटवाचिकटवी चांगली जमते," तो म्हणाला. "आपला संसार चिकटवूनच तर टिकलाय."

ग्रंथपाल बाई उंच, सडपातळ होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि तो शोधत त्या दिवसभर टेबलं उलथीपालथी करायच्या. निवृत्ती जवळ आली होती, आणि आपल्यामागे या पुस्तकांचं काय होणार या काळजीने त्यांना घेरलं होतं. आधीचे दोन मदतनीस मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसायचे. थोरली मान खाली घालून काम करते आणि शिक्का सरळ मारते, एवढ्यावर बाईंनी तिला हाताशी धरलं.

"ताई, हे पुस्तक इथेच का आणि तिथे का नाही, असं कधी मनात आलं का तुमच्या?" बाईंनी एकदा विचारलं.

"नंबर लिहिलाय म्हणून इथे."

"आणि नंबर कुणी लिहिला?"

थोरलीला वाटत होतं, नंबर छापूनच येत असावेत, गॅसच्या सिलिंडरवर येतात तसे. माणूस बसून ठरवतो, हे ऐकून ती जरा हबकलीच.

मग शिकवणी सुरू झाली. जगात जे जे काही कळण्यासारखं आहे त्याचे आधी दहा ढीग करायचे, बाई सांगायच्या. शंभराच्या घरात तत्त्वज्ञान, दोनशेच्या घरात धर्म, तीनशेत समाज, चारशेत भाषा, पाचशेत विज्ञान, सहाशेत ते विज्ञान हाताने वापरायची विद्या, सातशेत कला, आठशेत साहित्य, नऊशेत इतिहास, भूगोल आणि माणसांची चरित्रं. उरलंसुरलं आणि सगळ्यांना लागणारं शून्यात. मग प्रत्येक ढिगाचे पुन्हा दहा, त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा. तेवढ्यानेही भागलं नाही की टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. सहाशे म्हणजे उपयोगी विद्या, त्यात सहाशे तीस शेती, सहाशे छत्तीस पाळीव जनावरं, आणि टिंबापुढे गेलं की घोडा वेगळा, कुत्रा वेगळा, कोंबडी वेगळी.

"म्हणजे घोड्याचं पुस्तक कायम कुत्र्याच्या पुस्तकाशेजारी," थोरली म्हणाली.

"बरोबर. वाचायला आलेला माणूस एक पुस्तक शोधत येतो आणि शेजारची चार बघून जातो. सगळी मेहनत त्याचसाठी. आता सांगा, जंगली घोड्यांचं पुस्तक आलं तर?"

थोरलीने विचार केला. "ते कुणी पाळत नाही. मग ते पाचशेत, प्राण्यांत."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नीट पाहिलं. त्यानंतर रोज सकाळी नव्या पुस्तकांचा एक ट्रे थोरलीच्या टेबलावर येऊ लागला. नंबर शाईने लिहायचा नाही, पहिल्या पानामागे पेन्सिलीने लिहायचा. संध्याकाळी बाई तपासणार.

सुरुवातीला फजिती पुष्कळ झाली. नावात पूल आणि नदी असलेलं एक पुस्तक तिने सरळ बांधकामात टाकलं. निघाल्या मोडलेल्या लग्नावरच्या कविता. जिन्याखालच्या खोलीत खळ आणि कात्री घेऊन बसणारे बाइंडर काका त्यावर आठवडाभर हसत होते. "ताई, पूल पडला त्या लग्नाचा. बांधकाम खातंच जबाबदार." बाई मात्र हसल्या नाहीत. "नावावर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "नाव म्हणजे दुकानाची पाटी. आत शिरा. अनुक्रमणिका बघा, प्रस्तावना बघा, मग मधलं कुठलंही पान उघडा. हे पुस्तक कशाबद्दल आहे, एवढा एकच प्रश्न विचारा. कुणी लिहिलंय, चांगलंय की वाईट, आपल्याला आवडलं की नाही, त्याच्याशी नंबराला घेणंदेणं नसतं."

हळूहळू तिचा हात बसला. पेन्सिलीचे आकडे खोडायला बाईंना रबर कमी लागू लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच थोरलीला असं काही येत होतं जे घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. विशेषतः धाकटीला येत नव्हतं.

धाकटी म्हणजे तिची बहीण, सहा वर्षांनी लहान. शिकली, दुसऱ्या शहरात गेली, वर्तमानपत्रात लागली. बोलायला चटपटीत, लिहायला त्याहून. बाबांच्या आजारपणात ती सुट्टी काढून यायची, त्यांच्या उशाशी बसून गप्पा मारायची, त्यांना हसवायची आणि चार दिवसांनी बॅग उचलून जायची. ती गेली की बाबा म्हणायचे, "पोरगी आली की घर कसं भरून जातं." थोरली तेव्हा त्यांच्या पायांना तेल चोळत असायची. ज्याच्या पायांना आपण रोज तेल चोळतो त्याला आपल्या असण्याने घर भरलेलं वाटत नाही, हे तिला सलत राहायचं. पण बोलायची सोय नव्हती. आजारी माणसाशी काय भांडायचं, आणि पाहुणीशीही काय भांडायचं?

आणि आता धाकटीने पुस्तक लिहिलं होतं. बाबांवर.

बाबा काटेवाले होते. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे दुरुस्त करायचे, दांडी समतोल करायचे, झिजलेल्या वजनांच्या बुडात शिसं भरून ती पुन्हा खरी करायचे. खांद्याला एक लाकडी पेटी असायची, आतून मखमल लावलेली, आणि तिच्यात प्रमाण वजनं. मोठी पितळेची, आणि अगदी बारकी, पत्र्याच्या कपच्यांसारखी. त्यांना बोट लावायचं नाही, बोटाच्या घामानेही वजन बदलतं, म्हणून ती चिमट्याने उचलायची. सात-आठ वर्षांची असल्यापासून थोरली सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायची आणि चिमट्याने ती वजनं पारड्यात ठेवायची. बाबा खाली बसून, एक डोळा मिटून, काट्याचं टोक बघायचे. कधीतरी म्हणायचे, "तुझा हात हलत नाही." कौतुकाच्या बाबतीत हा माणूस भलताच हात आखडून होता. ते एक वाक्य थोरलीने जन्मभर जपलं होतं.

पुढे आई अंथरुणाला खिळली, थोरली स्वयंपाकघरात अडकली, आणि पेटीमागून फिरणं संपलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. कुणीतरी करायला हवंच होतं.

पुस्तकाचं नाव 'बाबांचा काटा'. वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल छापून आलं, सोबत धाकटीचा फोटो, हातात बाबांचीच तागडी. मग रस्त्याने चालणं मुश्कील झालं. औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "तुमच्या बहिणीचं वाचलं. काय लिहिलंय! वडिलांवर किती जीव होता हो त्यांचा." याच माणसाकडून थोरलीने बाबांची औषधं इतकी वर्षं आणली होती. ती नुसती हसली आणि घरी येऊन भांडी अशी आपटली की नवऱ्याने दारातूनच विचारलं, "आत येऊ, की मीटर बंद करून येऊ?"

धाकटीने एक प्रत पोस्टाने घरी पाठवली होती. आत 'ताईस' असं लिहिलेलं. थोरलीने ती उघडली ती वाचायला नव्हे, स्वतःला शोधायला. पानं भराभर उलटत तिने आपलं नाव, आपली सावली, आपला आवाज शोधला. एके ठिकाणी सापडलं: "ताई तेव्हा स्वयंपाकघरात असायची." एवढंच. आणि त्याच्या पुढच्याच पानावर धाकटी चिमट्याने वजनं उचलून पारड्यात ठेवत होती, आणि बाबा एक डोळा मिटून म्हणत होते, "तुझा हात हलत नाही."

चिमटाही घेतला हिने. वाक्यही घेतलं. थोरलीने पुस्तक मिटलं आणि कपाटात चादरींच्या खाली सारलं. त्या रात्री नवऱ्याने "काय लिहिलंय?" विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वर्तमानपत्रवाली आहे. काय लिहिणार? बातम्याच."

चादरीखाली घालून प्रश्न मिटला असता, पण वाचनालयाने नव्या खरेदीत तेच पुस्तक घेतलं आणि एका सकाळी ते ट्रेमध्ये थोरलीपुढे येऊन पडलं. वर कुत्र्यांच्या आजारांवरचं एक, खाली घरगुती हिशेबांवरचं एक, आणि मधे बाबांचा काटा.

तिने फारसा विचार केला नाही. निदान नंतर तिने स्वतःला तसंच सांगितलं. पानामागे पेन्सिलीने तिने नंबर लिहिलाच नाही, लिहिलं: कादंबरी. वाचनालयात कथा-कादंबऱ्यांना वेगळी कपाटं होती, दाराजवळ, लेखकाच्या नावाप्रमाणे लावलेली. जाऊ दे तिकडे. मनाने रचलेल्या गोष्टींत.

संध्याकाळी ट्रे तपासताना बाई थांबल्या. "हे कसं काय?"

"गोष्टीसारखं लिहिलंय," थोरली म्हणाली.

"गोष्टीसारखं पुष्कळ जण लिहितात. प्रस्तावनेत तर सरळ म्हटलंय, या माझ्या वडिलांच्या आठवणी."

"म्हटलंय. पण खोटं आहे ते."

बाईंनी चष्मा काढला. "ताई, समजा एखाद्याने लिहिलं की चंद्र खडीसाखरेचा आहे. मनापासून लिहिलंय, पुरावे दिलेत. ते पुस्तक कुठे जाईल?"

उत्तर थोरलीला येत होतं.

"चंद्राच्या शेजारी जाईल," बाई म्हणाल्या. "खगोलशास्त्रात. खरं-खोटं वाचणारा ठरवेल. आपण फक्त कशाबद्दल आहे ते सांगायचं. आणि यात खोटं आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कारण हा माणूस माझा बाप होता."

आपण एवढ्या मोठ्याने बोललो हे थोरलीला शेजारच्या टेबलावरच्या वाचकाने मान वर केली तेव्हा कळलं. बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. धाकटीच्या पुस्तकावरचं नाव लग्नानंतरचं होतं, त्यामुळे नातं त्यांच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं.

"मी देते याला नंबर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नात्यातल्या पुस्तकाचं अवघड असतं."

सुटका समोर होती. पण बाईंनी नंबर द्यायचा म्हणजे आपल्याला हे जमलं नाही असं कबूल करायचं, आणि तेही धाकटीमुळे. "नको," थोरली म्हणाली. "मीच देते."

"मग आधी पूर्ण वाचा. तुम्ही वाचलेलं नाही हे." त्यांनी ते प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाइंडर काकांच्या खोलीत, खळीच्या वासात, थोरली वाचायला बसली. मनाशी ठरवूनच बसली होती की एकेक खोटी गोष्ट पकडायची. पहिल्या प्रकरणात तिला दोन चुका सापडल्या, आणि तिला बरं वाटलं. पेटीचं कुलूप पितळेचं नव्हतं, लोखंडाचं होतं. वजनं आठवड्याला नाही, महिन्याला पुसायचे. पुढे मात्र चुका सापडेनात. धाकटी ज्या दुकानांत बाबांबरोबर गेली असं म्हणत होती ती थोरलीच्या वेळची दुकानं नव्हतीच. एक सोनाराचं होतं, ते उघडलं तेव्हा थोरलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. एक लाकडाची वखार होती, जिथला मोठा काटा ओंडके तोलून तोलून वाकला होता. तो बाबांनी कसा सरळ केला, दांडी जिच्यावर झुलते ती पोलादी धार किती वेळा घासली, हे दोन पानं भरून लिहिलेलं होतं, आणि ते बघितल्याशिवाय कुणाला लिहिता आलं नसतं.

मग शिशाचं प्रकरण आलं. वजनाच्या बुडातल्या भोकात वितळलेलं शिसं ओतताना धाकटीचा हात मधे आला आणि डाव्या मनगटाजवळ भाजलं. घरी कळलं तर आई पुन्हा जाऊ देणार नाही, म्हणून बाप-लेकीने ठरवलं की चहाची किटली लवंडली असं सांगायचं.

थोरलीने पुस्तक मांडीवर ठेवलं. ती किटली तिला आठवत होती. भाजलेल्या मनगटावर मलम तिनेच लावलं होतं. वर धाकटीला तिची बोलणीही बसली होती, डोळे कुठे असतात तुझे म्हणून. धाकटी रडत होती आणि दारात उभे असलेले बाबा काहीच बोलत नव्हते. म्हणजे दोघांचं एक गुपित होतं. थोरली मलम लावत होती आणि त्या दोघांचं गुपित होतं.

खोटं निघालं असतं तर फार बरं झालं असतं. खोट्याचा राग करता येतो. पण हे सगळं खरं होतं. थोरली चुलीपाशी गेल्यावर बाबांनी चिमटा उचलून धाकटीच्या हातात दिला होता, आणि तेच वाक्य, त्याच एका मिटलेल्या डोळ्याने, तिलाही म्हटलं होतं. त्यांना बहुधा त्यात काही वावगं वाटलं नसेल. दोन पोरी, दोघींचे हात स्थिर, दोघींना तसं सांगितलं. पण थोरलीला वाटलं, आपण इतकी वर्षं तिजोरीत जपलेली वस्तू बाजारात ढिगाने मिळते, असं कुणीतरी आज सांगितलं.

"काय, मोठं दुःखाचं आहे का?" बाइंडर काकांनी कात्री थांबवून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काटेदुरुस्तीचं आहे."

आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने बाईंच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. तिने पुस्तक पुन्हा चाळलं, या वेळी स्वतःला किंवा धाकटीला न शोधता. बाबांचा जन्म त्यात नव्हता, लग्न नव्हतं, आजारपण नव्हतं, मरण तर शेवटच्या दोन ओळींत उरकलं होतं. धाकटी स्वतःही जवळजवळ नव्हती, तिचा फक्त हात होता. पानोपानी होती ती वजनं, दांड्या, पारडी, दुकानदारांच्या युक्त्या, तपासणीचे शिक्के, झिजणं आणि भरणं. पुस्तक वडिलांबद्दल आहे असं धाकटीला वाटत होतं, पण ते होतं वजनमापांबद्दल.

नंबर शोधायला वेळ लागला. पाचशेत, भौतिकशास्त्रात बघितलं, तिथे मापन होतं पण प्रयोगशाळेतलं. सहाशेत यंत्रं, हत्यारं, उपकरणं, ते जवळचं वाटलं, पण तिथे काटा कसा बनवायचा ते जाणार. शेवटी वर्गीकरणाच्या जाड पुस्तकातल्या सूचीत 'वजनं आणि मापं' हा शब्द सापडला आणि त्यापुढे आकडा: तीनशे एकोणनव्वद. समाजाच्या घरात, व्यापाराच्या शेवटाला. थोरलीला आधी ते चमत्कारिक वाटलं. मग पटलं. वजन म्हणजे काय, तर दोन माणसांनी एक आकडा मान्य करणं. बाबाही काही वेगळं करत नव्हते.

बाईंनी पेन्सिलीचा आकडा बघितला. "चरित्रात का नको? नऊशे वीसही चालेल. माझं म्हणाल तर मी कदाचित तिथेच टाकलं असतं."

थोरलीने कारण सांगितलं, प्रकरणं दाखवत दाखवत. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कारण पक्कं आहे. शाईने लिहा." आणि जाता जाता म्हणाल्या, "पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, पण त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा हव्या तेवढ्या करता येतात. कॉम्प्युटरवर विषयनोंदी भरताना हात आखडू नका."

तीनशे एकोणनव्वदचं कपाट वरच्या मजल्यावर होतं, अगदी मागच्या ओळीत, जिथे नवऱ्याने बसवलेला दिवाही पोचत नव्हता. चरित्रांचं कपाट मात्र जिना चढल्याबरोबर समोर. पुस्तक जागेवर ठेवताना हे थोरलीच्या ध्यानात आलं नाही असं नाही. कोपऱ्यात पडलं म्हणून तिला आनंद झाला का? झाला, थोडासा. तो आनंद आधीचा की नंबर आधीचा, हे तिने स्वतःला विचारून बघितलं आणि शेवटी खाली येऊन विषयनोंदी भरायला बसली. वडील, आठवणी. कारागीर, चरित्र. दुकानदारी, इतिहास. लेखिकेचं नाव. एकही वाट तिने ठेवायची सोडली नाही.

पुढच्या महिन्यात धाकटी आली. तिला एका कार्यक्रमाला बोलावलं होतं, त्याच्या आधी ती थेट वाचनालयातच उगवली, उन्हाने लाल झालेली, गळ्यात मोठी पिशवी. आल्या आल्या दाराजवळची कपाटं पाहिली, मग वर जाऊन चरित्रांची पाहिली, मग खाली येऊन थोरलीच्या टेबलाशी वाकली.

"ताई, माझं पुस्तक बाहेर गेलंय का कुणाकडे?"

"नाही. आहे वर. चल."

मागच्या ओळीत पोचल्यावर धाकटीने डोळे बारीक करून आपलं पुस्तक पाहिलं. एका बाजूला मीटर आणि लिटरचा इतिहास, दुसऱ्या बाजूला मुंग्यांएवढ्या अक्षरांत छापलेले सरकारी नियम.

"इथे?" ती म्हणाली. "इथे कोण येतं?"

"ज्याला वजनमापांबद्दल वाचायचंय तो येतो."

"अगं, पण हे वजनमापांबद्दल नाहीये. बाबांबद्दल आहे."

"बाबांचा जन्म कधीचा?"

"म्हणजे?"

"पुस्तकात आहे का? नाही. लग्न नाही. आईचं नाव एकदा. आम्ही पुस्तक कशाबद्दल आहे ते बघतो, लेखकाला काय वाटतं ते नाही." हे बोलताना थोरलीला आत कुठेतरी फार गोड वाटलं, आणि ते आपल्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती शेजारचं पुस्तक सरळ करू लागली.

"तू दिलास नंबर?"

"मी दिला."

धाकटी आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "ताई, खरं सांग. माझ्यावर जळतेस ना तू?"

वाचनालय असल्याचा एक फायदा झाला. ओरडता येत नव्हतं.

"जळते," थोरली म्हणाली. "लहानपणापासून जळते. तू चार दिवस यायचीस आणि त्यांना बरं वाटायचं, आणि मी जन्मभर होते तिथे. आता तू पुस्तक लिहिलंस, आणि औषधवाला मला सांगतो की तुझा त्यांच्यावर किती जीव होता. जळू नको तर काय करू? पण नंबर मी जळून दिलेला नाही. आधी जळून दिला होता, तो खोडला."

"काय दिला होतास?"

"कादंबरी."

धाकटीला हसू फुटलं, तिने हाताने तोंड दाबलं, आणि मग त्याच हाताने डोळे पुसले. मनगटावरचा डाग अजून होता, आता फिकट.

"मला वाटलं होतं तू वाचणारच नाहीस," ती म्हणाली. "आणि तू नाहीयेस त्यात, ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? मी तुला फोन केले होते, ताई. तू लहान असताना त्यांच्याबरोबर जायचीस ते मला माहीत होतं. म्हटलं, सांग ना, मी टिपून घेते. तू काय म्हणालीस? मला वेळ नाही, भाजी करपतेय. प्रत्येक वेळी तुझी भाजी करपत होती."

हे खरं होतं. थोरलीला ते फोन आठवत होते. भाजी एकदाही करपलेली नव्हती. धाकटी विचारायची आणि थोरलीच्या मनात यायचं, एवढं तरी माझं राहू दे.

"त्यांनी तुला म्हटलं होतं ना," थोरलीने विचारलं, "हात हलत नाही म्हणून?"

"हो. का?"

थोरलीला सांगता आलं असतं. जिभेवर आलंही. "काही नाही," ती म्हणाली. "चांगलं लिहिलंयस. वखारीतला काटा फार चांगला लिहिलायस. पेटीचं कुलूप पितळेचं नव्हतं."

"नव्हतं?"

"लोखंडाचं होतं."

धाकटीने लगेच पिशवीतून पेन काढलं. "दुसरी आवृत्ती निघतेय. त्यात दुरुस्त करते. आणि ताई, तू सांगशील का आता? तुझ्या वेळचं? एक प्रकरण घालू. तुझ्या नावाने घालू."

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. पेन हातात तयार होतं, आणि चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मागणं सरळ होतं, तिच्याच भल्याचं होतं, आणि तरीही तिला ते सांगवेना.

"कुलूप तेवढं दुरुस्त कर," ती म्हणाली.

त्या कार्यक्रमाला ती गेली, मागच्या खुर्चीवर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनेही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा कमी. धाकटीने व्यासपीठावरून तिच्याकडे हात केला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा तिला बरंही वाटलं आणि आणखी रागही आला.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "मग? जुंपली का दोघींची?"

"कुजबुजत."

"म्हणजे जखमा खोल."

ती हसली. मग तिने पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि अचानक सांगायला लागली, कुणी विचारलेलं नसताना. धान्याच्या मोठ्या दुकानात पोती तोलायचा काटा होता, जमिनीवरचा. तो दुरुस्त झाला की नाही हे बघायला बाबांनी तिलाच उचलून त्यावर उभं केलं. दुकानदार म्हणाला, पोरीचं वजन काय भरतं बघू. बाबा म्हणाले, नको, आकडा बघू नका, वाढायची आहे अजून. आणि आकड्यावर स्वतःचा पंजा धरून उभे राहिले. दुकानदार हसत होता, बाबा मात्र अगदी गंभीर. ती त्या थंड लोखंडी फळीवर अनवाणी उभी होती आणि काटा खालीवर हलत होता.

नवरा जेवायचा थांबला होता. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याने ऐकलं नव्हतं.

"हे तिला का नाही सांगितलंस?"

"ती छापेल," थोरली म्हणाली, आणि उठून त्याला पाणी वाढलं.